नानांच्या मागचं निळं आभाळ

थंडी पडली की आमच्याकडे दोन पिकं एकदम येतात. एक भरिताची वांगी आणि दुसरं श्रद्धांजलीचे फ्लेक्स. वांगी पोपटी-पांढरी, लांबसडक, हातगाडीवर रचून ठेवलेली; जाणारा-येणारा एखादं उचलून हातात तोलून बघतो आणि परत ठेवतो. फ्लेक्स चौकात, विजेच्या खांबाला, बसथांब्याच्या डोक्यावर. म्हाताऱ्यांना डिसेंबरची हवा सोसत नाही. सकाळी शेकोटीला बसतात, दुपारी खोकतात आणि बघता बघता खांबावर चढतात. मागे निळं आभाळ, दोन बाजूंना दोन समया, खाली शोकाकुलांची रांग. ह्या दिवसांत मी जळगावात स्कूटरवरून जाते ती मान वर करूनच. कोण गेलं ते बघत नाही. फोटो कोणी काढलाय ते बघते.

परवा माझ्या स्टुडिओत यावलची एक मुलगी आली. नेहा तिचं नाव, कॉलेजात शिकते. गळ्यात कॅमेरा, पट्टा अजून नवा, कडक. मोबाइल पुढे करून तिनं मला तिचे फोटो दाखवले. केळीच्या पानावरचं दव, सातपुड्यावर उतरलेलं धुकं, एसटीच्या खिडकीत गाल टेकून झोपलेली मजूर बाई. फोटो चांगले होते. चांगले होते म्हणूनच मला राग आला. वाईट असते तर मी दोन गोड शब्द बोलून तिला वाटेला लावली असती.

"ताई," ती म्हणाली, "माझं काम लोकांच्या नजरेत कसं येईल?"

काम म्हणाली! आमच्या वेळी आम्ही नुसते फोटो काढायचो. मी म्हटलं, बस बाई. समोरच्या दुकानाबाहेर कोणीतरी भरीत लावलं होतं, जळक्या सालींचा वास सरळ आत येत होता. त्या वासाचं आणि माझं जुनं वैर आहे. तो नाकात गेला की मी नशिराबादला जाते, त्या एका थंडीत, आणि मग मला नीट बोलता येत नाही.

तेव्हा मीही कॉलेजात होते. नशिराबादहून रोज बसनं जळगावला यायचं, आणि संध्याकाळी परत. मामानं आपला जुना कॅमेरा मला दिला होता. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गावात कापडाचं दुकान. पोरीनं गळ्यात हे धूड अडकवून शेतांमधून हिंडावं हे त्यांना अजिबात पटत नव्हतं. पण ते चिडायचे नाहीत, ते अटी घालायचे. दिवाळी झाली आणि एक दिवस जेवताना त्यांनी मला सांगितलं, "ज्योती, संक्रांतीपर्यंत एक माणूस, एकच, आपल्या पायानं ह्या दारात येऊन म्हणू दे की तुमच्या पोरीनं काढलेला फोटो द्या. आला तर कॅमेरा तुझा. नाही आला तर विकायचा आणि शिलाई मशीन घ्यायचं. मशीनला गिऱ्हाईक तरी येतं."

मला वाटलं, एक माणूस म्हणजे काय मोठंसं! आणि मी पेटले. रोज फोटो मोबाइलवर टाकायचे. लोक अंगठे दाखवायचे. मस्त, झक्कास, लय भारी. अंगठा दाखवणारा एकही दारात येत नव्हता. एकदा तर आमच्या मावशीनं मला सकाळी सकाळी सातपुड्यावरचा सूर्य पाठवला. सूर्य माझाच होता, मी थंडीत कुडकुडत टिपलेला. त्याच्यावर कोणीतरी दोन गुलाब चिकटवले होते आणि आईवडिलांची सेवा करा असं लिहिलं होतं. मी मावशीला म्हटलं, हा मी काढलाय. ती म्हणाली, चल, काहीतरीच, हा नेटवरचा आहे.

आमच्या शेजारी सुपडू नाना राहायचे. मूळचे धुळ्याकडचे, सासुरवाडीच्या शेतीवर इकडे आले आणि इकडचेच झाले. पण बोली सोडली नाही. अत्यंत नटवा म्हातारा. कोणाचीही मोटरसायकल उभी दिसली की तिच्या आरशात मिशी बघणार. खोटं बोलण्यात पटाईत, शिव्या देण्यात त्याहून. थंडीत शेतातल्या प्रत्येक भरीत पार्टीला जाळापाशी नानाच. बांधावर कपाशीच्या वाळक्या पराट्या पेटवायच्या, त्यात वांगी टाकायची आणि नानांनी काठीनं ती उलटीसुलटी करत जमलेल्यांचा उद्धार करायचा. कोणाची बायको कशी, कोणाचा जावई कसा, कोणाच्या पोराला नोकरी का लागत नाही. लोक हसत हसत ऐकायचे, कारण भरीत नानांच्याच हातात असायचं.

मला बघितलं की त्यांना चेव यायचा. "तुना फोटोले कोन इचारस व पोर?" भर पंगतीत विचारायचे. "झाडं काढस, कुत्रा काढस. माले काढ! मना थोबाड देखीसन लोके थांबतीन."

मी काढला. एका संध्याकाळी, दिवस मावळताना, शेत निळं पडत चाललेलं आणि खालून पराट्यांचा जाळ. नानांच्या एका हातात सालीसकट काळं पडलेलं वांगं, त्यातून वाफ निघतेय, धुरानं एका डोळ्यात पाणी, कपाळावर राख. अर्धा चेहरा तांबडा, अर्धा अंधारात. त्या क्षणी ते शिवी देत नव्हते, हसत नव्हते, कोणाची उणीदुणी काढत नव्हते. नुसते जाळाकडे बघत होते. घरी येऊन मी तो फोटो मोठा करून बघितला. हा आपण काढलाय? आपण? त्या आनंदात मला घरी आणलेल्या भरिताचीही आठवण राहिली नाही.

धुळ्याला एका हॉलमध्ये फोटोंची स्पर्धा होती. मी तो फोटो मोठा छापून घेतला, चांगल्या काचेची फ्रेम केली आणि मांडीवर घेऊन एसटीनं धुळ्याला गेले. खड्डा आला की मी फ्रेम उचलून धरायची, तान्ह्या लेकराला धरतात तशी. परीक्षक म्हणून धुळ्यातलेच एक सर होते. पक्ष्यांचे फोटो काढण्यात त्यांचं मोठं नाव, सगळे त्यांना नमस्कार करत होते. सर एका हातात भज्याची कागदी बशी घेऊन भिंतीच्या कडेकडेनं फिरत होते. माझ्या फ्रेमपुढे आले, भजं तोंडात टाकलं आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "म्हातारा, धूर, सुरकुत्या. फार झालं हे आता. जरा पॉझिटिव्ह काढा म्हणावं." मी शेजारीच उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फ्रेम माझी आहे हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं. पहिलं बक्षीस चोचीत मासा धरलेल्या खंड्याला मिळालं. फोटो सुबक होता. मासा जास्त चांगला आला होता.

परत आले तर नाना ओट्यावर वाट बघत बसलेले. त्यांना वाटत होतं आपल्याला बक्षीस मिळालंय. मी फ्रेम त्यांच्या हातात दिली. इतका मोठा स्वतःचा फोटो त्यांनी जन्मात बघितला नव्हता. लांब धरला, जवळ धरला.

"हाऊ कोन शे?"

"तुम्हीच ना, नाना."

"नही. हाऊ म्हतारा शे."

आणि मग तोंडाचा असा पट्टा सुटला म्हणता! मला असं राखेत बसवलं, चोरासारखं काळं केलं, तोंडावर ह्या रेघा कशाला, डोळ्यात पाणी कशाला, मी काय रडतो का? मागे निळं आभाळ पाहिजे, अंगात पांढराशुभ्र शर्ट पाहिजे, हा फोटो कोण भिंतीला लावेल? ओरडून ओरडून दमले. मग फ्रेमवर टिचकी मारून म्हणाले, "काच चांगली शे. फ्रेम राहू दे. फोटो ली जाय." खरोखर फ्रेम ठेवून घेतली हो म्हाताऱ्यानं! दुसऱ्या दिवशी बघते तर तीत कॅलेंडरवरची सप्तशृंगी बसवलेली.

धुळ्याच्या सरांचं मला इतकं लागलं नव्हतं. नानांचं लागलं. ज्याचा चेहरा, त्यालाच नको. आठ दिवस मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. अण्णांनी जळगावात मशीन बघून ठेवलं आणि मला त्याचा रंग विचारला.

मग थंडीनं कडाका धरला. केळीची पानं कडेनं करपली, सकाळी नळाचं पाणी हाताला चावायला लागलं. संक्रांत तोंडावर आली आणि नाना गेले. आदल्या संध्याकाळी कोणाच्या तरी शेतात भरीत लावून आले होते, नेहमीसारखे शिव्या देत. सकाळी उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा, प्रल्हादभाऊ, आमच्या दारात उभा. डोळे सुजलेले, अंगावर कालचेच कपडे. घरात नानांचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा, त्यात नाना पोलिसांनी आत्ताच धरून आणल्यासारखे दिसत होते. प्रल्हादभाऊ मान खाली घालून म्हणाला, "ज्योती, तू नानांचा काढला होता ना, तो फोटो दे. फ्लेक्सला पाहिजे."

अण्णा समोरच पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. माणूस आला होता. आपल्या पायानं, संक्रांतीच्या आत, दारात, माझा फोटो मागायला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, पोटातून उकळी फुटली आनंदाची. नानांचं दुःख मागाहून आलं, संध्याकाळी, शेजारच्या ओट्यावर कोणी दिसेना तेव्हा. पण आधी आनंद आला, आणि मला त्याची लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. अण्णांनी मशीनचा विषय पुन्हा काढला नाही.

फ्लेक्स लागला आणि मी बघायला धावले. जळगावच्या फ्लेक्सवाल्यानं आपली कला दाखवली होती. जाळ कापला, धूर कापला, हातातलं वांगं मनगटासकट कापलं. मान तेवढी घेऊन ती एका पांढऱ्या शर्टावर बसवली. राख पुसली, रेघा पुसल्या, डोळ्यातलं पाणी पुसलं. मिशी काळी केली. आणि मागे निळं आभाळ, त्यात कापसासारखे ढग. खाली पुढाऱ्यांचे गोल गोल चेहरे, सगळे हसत हात जोडून, जणू नानांच्या मरण्याला त्यांची संमती होती. खालच्या कोपऱ्यात फ्लेक्सवाल्याचं नाव. माझं कुठेच नव्हतं.

आणि लोक थांबले! नाना म्हणाले होते तसेच थांबले. चहाच्या टपरीवरचे उठून आले, बसची वाट बघणारे बस सोडून बघायला लागले.

"काय दिसतो राव म्हातारा!"

"फोटो कोणी काढला?"

"अरे, ती कापडवाल्याची पोर नाही का, कॅमेरा घेऊन फिरते ती."

मी मागेच उभी होते. दिवाळीपासून जो प्रश्न कोणी विचारावा म्हणून मी जीव टाकत होते तो गावानं विचारला होता, आणि तो विचारला होता त्या फोटोबद्दल, ज्यात माझं म्हणावं असं काहीच उरलं नव्हतं. नाना जिवंत असते तर मात्र खाली उभे राहून तासभर आपली मिशी बघत बसले असते. त्यांना पाहिजे तसाच फोटो झाला होता. फक्त तो बघायला त्यांना थोडा उशीर झाला. त्याच फ्लेक्सचा लहान फोटो करून प्रल्हादभाऊनं भिंतीला लावला. फ्रेम होतीच घरात, काच चांगली होती. सप्तशृंगी परत खिळ्यावर गेली.

त्यानंतर मला उसंत नव्हती. आमच्या आबांचा काढ, आमच्या अक्काचा काढ, नानांसारखा काढ. लोक म्हाताऱ्यांना आंघोळ घालून, इस्त्रीचे कपडे चढवून ओट्यावर बसवून ठेवायचे. कशासाठी ते त्यांना सांगायचे नाहीत. रेशनला लागतो म्हणायचे, पेन्शनला लागतो म्हणायचे. म्हाताऱ्यांना सगळं कळायचं. एका अक्कानं तर तोंडावरच विचारलं, "खांबावरचा काढतीस ना? मग थांब, पदर नीट घेऊ दे." आणि पदर घेऊन अशी ताठ बसली की मीच सावरून उभी राहिले. एका घरची सून मला फोनवर दोनदा विचारत होती, लवकर होईल ना, लवकर होईल ना. फोटोबद्दल विचारत होती असं मी धरून चालते.

मी शिकले. मान सरळ पाहिजे, नजर समोर. छातीपर्यंत घ्यायचं आणि दोन्ही बाजूंना जागा सोडायची, हाराला लागते. हसू नको, पण दुर्मुखलेलंही नको. टोपी कपाळावर फार खाली नको, सावली पडते. मागे काय आहे त्याची चिंता करायची नाही, ते कापलंच जातं. हे मला कुठल्या वर्गात कोणी शिकवलं नाही.

दुसऱ्या थंडीपर्यंत गावात बोलायला लागले की ज्योतीनं काढला की माणूस फार दिवस राहत नाही. अरे, तुम्ही मला बोलावताच तेव्हा! डॉक्टर हात वर करतो, मग तुम्हाला ज्योती आठवते. पण कोण ऐकतो? मी गल्लीतून निघाले की ओट्यावरचे म्हातारे एकेक करून उठायचे आणि आत जायचे. कॅमेरा पिशवीत असला तरी जायचे. कोणी मला बघतच नाही म्हणून मी रडायचे ना? आता मला गल्लीच्या टोकापासून ओळखायचे.

मग एक दिवस धुळ्याहून फोन आला. तेच पक्षीवाले सर. आवाज खाली आलेला. "वडील सिरियस आहेत. तुम्ही चांगले काढता असं ऐकलं." मी म्हटलं, सर, तुम्ही स्वतः एवढे मोठे फोटोग्राफर. ते म्हणाले, "माझ्याकडे पक्ष्यांनी दोन हार्ड डिस्क भरल्यात हो. वडिलांचा एक नाही. आणि आता कॅमेरा धरला की हात थांबत नाही."

मी गेले. वडिलांना उशांना टेकवून बसवलं होतं. सर पांढरी चादर धरून मागे उभे राहिले, मीच उभं केलं. म्हातारा जेमतेम शुद्धीत होता, पण कॅमेरा बघून त्यानं गळ्याशी शर्टाचं बटण चाचपलं. फोटो चांगला आला. दारातून निघताना माझ्या जिभेवर जे इतके दिवस होतं ते मी बोलले. "सर, म्हातारा आणि सुरकुत्या. फार झालं ना हे?" त्यांना आठवलं की नाही कोण जाणे. चादरीची घडी घालत होते, ती त्यांच्या हातातून सुटली. मला बसमध्ये शांत झोप लागली.

नानांचा फ्लेक्स तेराव्यानंतर उतरला. पण इतकं मजबूत कापड कोणी टाकून देतं का? प्रल्हादभाऊनं तो हायवेकडच्या शेतात गोठ्याच्या छपरावर पसरला, वर दगड ठेवले. अजून आहे. नशिराबादला जाताना बसच्या खिडकीतून दिसतो. नाना पाठीवर पडलेत, तोंड वर, ऊन-पाऊस खात. आधी मिशीचा काळा रंग गेला, मग शर्ट उडाला. पुढारी तर केव्हाच ओळखू येईनासे झाले. आता खरं आभाळ वर आणि फ्लेक्सवरचं खाली, आणि मधे नुसते दोन डोळे उरलेत. ते मी काढलेले आहेत. माझं दुसरं कुठलंही चित्र इतकी वर्षं उघड्यावर कोणी लावून ठेवलेलं नाही.

जाळाचा तो मूळ फोटो माझ्या स्टुडिओत आहे, आतल्या दाराशेजारी. गिऱ्हाइकं विचारतात, हा भिकारी कोण. नेहा मात्र आली तशी त्याच्यासमोरच उभी राहिली होती. मी हे सगळं सांगून थांबले तेव्हाही ती तिकडेच बघत होती.

"ताई, तुमचा सगळ्यात चांगला हाच आहे."

"म्हणून तर इथं आहे," मी म्हटलं, "चौकात नाही."

पोरीचा चेहरा उतरला. बरं वाटलं मला. मग विचारलं, "घरात म्हातारं कोण आहे तुझ्या?"

"आबा आहेत. आजोबा." लगेच खुलली. "इतका भारी चेहरा आहे ताई त्यांचा! पण काढूच देत नाहीत. कॅमेरा बघितला की उठून आत जातात."

"शहाणे आहेत."

"मग मी काय करू?"

"ही थंडी संपायच्या आत काढ. पांढऱ्या भिंतीसमोर बसव. हाराला जागा सोड."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या आबांना तिथल्या तिथं उचलून खांबावर टांगलं. बघू दे. विचारायला तीच आली होती. वाटलं, आता उठेल आणि जाईल. पण ती गेली नाही. तशीच बघत राहिली. खिडकीतून चारचं ऊन येत होतं, समोरच्या भरिताचा धूर त्यात तरंगत माझ्यापर्यंत आला होता. मला माहीत होतं तिला काय दिसतंय. मलाही दिसलं असतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हलू नका हं. उजेड फार छान आहे तुमच्यावर."

आणि तिनं कॅमेरा डोळ्याला लावला.

मी उठले आणि आत गेले. आतूनच ओरडून सांगितलं, बस, चहा टाकते.